गोदाकाठचा मधुमेही आणि दूरचा तज्ज्ञ



सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या निर्धन रुग्णासाठी एक विलक्षण उपाय सांगितला आहे. त्याने पादत्राणे व छत्री न घेता, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र मुक्काम करून शंभर योजने चालत जावे. चालण्याचे महत्त्व आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. अनवाणी चालणे मात्र नाही. मधुमेहाने ज्याच्या तळपायाची संवेदना हरपली आहे, त्याला रुतलेला काटाही कळत नाही आणि त्या काट्याची किंमत कधी कधी पाय गमावून मोजावी लागते.

परभणी जिल्ह्यातील निर्धन मधुमेह्याची पायपीट आजही संपलेली नाही. फरक इतकाच, की ती उपचार म्हणून नव्हे, तर उपचार मिळविण्यासाठी होते. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातील किंवा पालमकडील एखाद्या वस्तीवरचा रुग्ण पहाटेच्या पहिल्या एसटीने निघतो तो उपाशीपोटी, कारण रक्ताचा पहिला नमुना तसाच द्यायचा असतो. नंतर खायचे, दोन तास थांबायचे, दुसरा नमुना द्यायचा, अहवालाची वाट पाहायची आणि मग डॉक्टरांसमोरची रांग. शेवटची गाडी चुकली तर मुक्काम. सोबत मुलगा किंवा सून आली, तर दोघांची मजुरी बुडते. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु हा प्रवास एकदाचा नसतो. तो दर दोन-तीन महिन्यांनी, जन्मभर करायचा असतो. अपेंडिक्सचे दुखणे एकदा शहर गाठले की संपते. मधुमेहाचे तसे नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर रुग्ण जाणे सोडतो, जुनीच चिठ्ठी दाखवून गोळ्या घेत राहतो, आणि पुढे एकदम दिसतो तो अंधुक नजर किंवा सुजलेले पाय घेऊन.

हा शहरी, सुखवस्तू, स्थूल माणसांचा रोग आहे, ही समजूत आता सोडली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही. शहरी भागात प्रमाण १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९ टक्के. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा जो अभ्यास चालविला, त्यातून भारतीय अर्भक वजनाने कमी असूनही त्याच्या अंगी मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे पुढे आले. शिडशिडीत शेतकऱ्याला साखरेचा विकार जडतो, त्याचे धागेदोरे असे आईच्या उदरापर्यंत जातात.

येथे दूरवैद्यकाचा, म्हणजे टेलिमेडिसिनचा विचार येतो. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने त्यासाठी अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘ई-संजीवनी’ ही सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली होतीच. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून दूरच्या डॉक्टरांशी दृक्-श्राव्य संपर्क साधून देतो, अशी तिची रचना आहे.

याचा पुरेपूर उपयोग कसा होतो, ते तामिळनाडूतील चुनामपेट येथे दिसले. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ खेड्यांत एक फिरती गाडी नेली. गाडीत डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र घेणारा कॅमेरा होता आणि ‘इस्रो’च्या उपग्रहामार्फत ती चित्रे चेन्नईस जात. २३,३८० प्रौढांची तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही चाचणी रुग्णांत सरासरी ९.३ होती, ती वर्षभरात ८.५ वर आली. चेन्नईला पाठवावे लागलेले रुग्ण ५ टक्क्यांहूनही कमी होते! उपग्रहाचे कौतुक पुष्कळ झाले, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच गावांतील तरुणांना शिकवून कामाला लावले होते आणि गावातच मधुमेह केंद्र उभे केले होते. गाडी निघून गेल्यावरही गोळ्या कोणी चुकविल्या, हे विचारणारे माणूस मागे राहत होते.

मुद्दा हाच आहे. पडद्यावरच्या तज्ज्ञाला तळपाय चाचपता येत नाही. नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदना तपासण्याचे काम रुग्णाजवळच्या माणसालाच करावे लागते. साखरेची नोंद नसेल तर तज्ज्ञ तरी काय सांगणार? यंत्र बसविले, फीत कापली, छायाचित्र छापून आले आणि पुढे ते खोलीत कुलुपात राहिले, असे प्रकार या देशाने कमी पाहिलेले नाहीत.

परभणीपुरता आणखी एक प्रश्न आहे. गंगाखेडच्या डोंगरी भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. उपकेंद्र गावात आणि रुग्ण फडात, अशा चार-पाच महिन्यांत सगळी घडी विस्कटते. पहाटे अंधारात कोयता हाती घेणाऱ्याचे जेवण वेळेवर होत नाही. गोळी घेतली आणि भाकरी लांबली, तर साखर उतरून भोवळ येते. म्हणून पुष्कळजण गोळीच बंद करतात. त्याला दूरचा सल्ला खरा हवा तो येथे, कोपीवर, मोबाइलवर, आणि तोही त्याची जुनी नोंद पाहणाऱ्याच डॉक्टरकडून.

त्यासाठी तयारी टोळी निघण्यापूर्वी करावी लागते. आदल्या आठवड्यात उपकेंद्रात साखर, रक्तदाब व पाय तपासणे, कामाच्या वेळा सांगून तज्ज्ञाकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घेणे, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देणे, आणि मुकादमाच्या फोनवर आरोग्य अधिकाऱ्याचा क्रमांक घालून ठेवणे, ही कामे गावातील कोणत्याही सुशिक्षित तरुणाला करता येण्याजोगी आहेत. इन्सुलिन घेणाऱ्याला दोन मातीची मडकी द्यावीत. मोठ्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, वर ओले फडके. आणि इन्सुलिनची बाटली कोरड्या डबीत घालून त्या लहान मडक्यात, कोपीच्या सावलीच्या बाजूला.