सुधारणा शिकवा, पण आधी भीती काढा

(शाळांमधील गटांना सतत सुधारणेची पद्धत शिकवण्यासाठी पुढे आलेल्या कामगारांच्या मानेसर येथील शिबिरात रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण.)



सुट्टीच्या दिवशी शाळांमध्ये जाऊन मुलांच्या आणि शिक्षकांच्या गटांना कायझेन शिकवायचे आपण ठरवले आहे. काम चांगले आहे. मी रेल्वेचा माणूस, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. कारखान्यातले जपानी शब्द तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतात. म्हणून मी एवढेच सांगणार आहे, की मुलांना आधी काय शिकवायचे.

ही पद्धत सोपी आहे. १९५० साली डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने जपानमध्ये व्याख्याने दिली. १९६२ पासून तिथे कामगारांची क्वालिटी सर्कल सुरू झाली. आपल्याकडे १९८० साली हैदराबादच्या भेल कारखान्यात ती आली, आणि १९९० च्या दशकात लखनौच्या सिटी मॉन्टेसरी शाळेने तीच रीत विद्यार्थ्यांपर्यंत नेली. सहा-आठ जणांनी एकत्र बसायचे. आपल्याच कामातली एक अडचण निवडायची, ती मोजायची, कारण शोधायचे, छोटा उपाय करून पाहायचा आणि पुन्हा मोजायचे. गुण आला तर उपाय पक्का करायचा, नाही तर दुसरा शोधायचा.

एक उदाहरण घ्या. मधल्या सुट्टीनंतर मुले वर्गात उशिरा येतात. पहिले उत्तर ठरलेले असते, मुले बेशिस्त आहेत. गटाला सांगा, निकाल देऊ नका, पाच दिवस मोजा. मग विचारा. उशीर का? नळावर रांग असते. रांग का? चारपैकी एकच नळ चालतो. तीन बंद का? तोट्या तुटल्या आहेत. बदलल्या का नाहीत? कोणी कळवलेच नाही. का कळवले नाही? कारण जो कळवतो, त्याच्यावरच तोटी मोडल्याचा आळ येतो.

पाचव्या प्रश्नाला तोटी मागे पडली आणि भीती पुढे आली. शाळा असो, डेपो असो, कारखाना असो, खोदत गेले की बहुतेक वेळा तिथेच पोचतो. डेमिंगनेही व्यवस्थापनाला बजावले होते, की माणसांच्या मनातली भीती आधी घालवा, आणि भिंतीवरच्या घोषणांनी काम सुधारेल असे समजू नका.

रेल्वेत कीमनला रुळाला तडा दिसला, तर तो लाल झेंडी दाखवून राजधानी एक्स्प्रेससुद्धा थांबवतो. नियमच तसा आहे. टोयोटाच्या कारखान्यातही दोष दिसला की कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. हा अधिकार हाती नसेल, तर सुधारणा म्हणजे नुसता वेग वाढवणे.

हे मी मानेसरमध्ये का बोलतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. १९८३ साली गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली आणि तिच्याबरोबर जपानी कार्यपद्धती या भागात आली. तरीही २०११ साली जून ते ऑक्टोबर या काळात मारुतीच्या इथल्या कारखान्यात तीनदा काम बंद पडले. लाइनचा वेग, चहाला मिळणारी सात-साडेसात मिनिटे, कंत्राटी कामगारांची स्थिती आणि स्वतःच्या संघटनेला मान्यता, हे तेव्हाचे जाहीर प्रश्न होते. १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार झाला आणि अवनीश कुमार देव या अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. मार्च २०१७ मध्ये १४८ आरोपींपैकी ३१ दोषी ठरले, ११७ निर्दोष सुटले. एक घर उघडे पडले आणि कित्येक तरुणांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. या सगळ्याला एकच कारण होते, असे मी म्हणत नाही. पण बोल्ट बसवण्यातली सुधारणा ऐकायची आणि माणसाचे गाऱ्हाणे ऐकायचे नाही, अशी वाटणी जिथे होते, तिथे पद्धत कितीही चांगली असली तरी शांतता टिकत नाही.

म्हणून शाळेत चार गोष्टी पाळा. पहिली, तक्त्यावर दोष लिहा, नाव लिहू नका. दुसरी, शिपाई, स्वयंपाकीण आणि सफाई कामगार यांनाही गटात बसवा. तुटलेली तोटी त्यांनाच आधी दिसते. तिसरी, गटाने करायचे काम आणि वरच्यांनी करायचे काम वेगळे लिहा. वर्गातली मांडणी मुलांनी सुधारावी, नळाचा पैसा व्यवस्थापनाने द्यावा, आणि उत्तर कोणत्या तारखेला मिळेल तेही लिहून घ्यावे. सफाई कामगाराची जागा रिकामी ठेवून मुलांच्या हातात झाडू देणे, याला सुधारणा म्हणू देऊ नका. चौथी, वाचलेला वेळ कोणाचा, हे विचारायला शिकवा. दहा मिनिटे वाचली, तर ती खेळाला मिळणार की आणखी एका चाचणीला?

आज जी मुले तुमच्यासमोर बसतील, त्यांच्यातली कितीतरी उद्या शिकाऊ किंवा कंत्राटी कामगार म्हणून याच गेटांमधून आत जातील. राज्यघटनेत १९७६ साली ४३-अ कलम आले. उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे ते सांगते. पण हा सहभाग कागदावरून आपोआप उतरत नाही. ज्याने शाळेत तुटलेल्या नळाबद्दल न घाबरता बोलायची सवय लावून घेतली, तो मशीनचे गार्ड निघाले असतानाही गप्प बसणार नाही. त्याचे बोट वाचेल, शेजाऱ्याचेही वाचेल. आणि व्यवस्थापन शहाणे असेल, तर असा कामगार मिळाल्याबद्दल तेही आपले आभारच मानेल.