माहितीचित्र : रचना आणि उपयोग
(प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि जिल्हा परिषदांचा कारभारही त्याच वर्षी सुरू झाला. एकाने कारखान्यांसाठी जागा, पाणी व रस्ते यांची सोय करावी, दुसरीने गावोगावच्या मुलांना अक्षरओळख द्यावी, अशी ही कामाची वाटणी होती. कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून मात्र या परिसरात ही दोन्ही कामे एकमेकांना येऊन भिडली आहेत. ओतकामाच्या फौंड्रीत किंवा कापडाच्या कारखान्यात कामासाठी दूरदेशाहून कुटुंबे येतात आणि भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांची मुले ज्या शाळेत यावयाची, ती शाळा जिल्हा परिषदेची असते. पालकांची भाषा हिंदी, कानडी अथवा आणखी निराळी असते आणि शाळेची सूचना मराठीत, तीही दाट अक्षरांत, फळ्यावर लिहिलेली असते. ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही व मूल खोलीतच राहते. माहितीचित्राचा विचार करावयाचा तो या अडचणीच्या संदर्भात.

माहितीचित्र म्हणजे काय?

चित्र, आकडा आणि मोजके शब्द यांच्या मेळाने एखादी गोष्ट चटकन समजावून देणारा तक्ता म्हणजे माहितीचित्र. सुशोभनासाठी लावलेले चित्र आणि माहितीचित्र यांत भेद आहे. पहिले काढून घेतले तरी अर्थात उणीव येत नाही. दुसरे काढून घेतले तर अर्थच नाहीसा होतो. ही कला जुनी आहे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषा व स्तंभ यांच्या रूपाने छापले. पुढे १९२५ साली व्हिएन्ना शहरात ऑटो न्यूराथ याने सामान्य कामगारांसाठी एक संग्रहालय उभारले व तेथे आकड्यांची चित्रभाषा घडविली. त्याचा एक नियम आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे : संख्या वाढली तर चित्र मोठे करू नये, चित्रांची संख्या वाढवावी. याचे कारण सोपे आहे. दुधाची घागर दुप्पट उंच काढली की ती दुप्पट रुंदही होते, कागदावर चौपट जागा व्यापते आणि पाहणारा फसतो.

आधी प्रश्न, मग चित्र

संगणक उघडण्यापूर्वी शिक्षकाने साध्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात : हे कोण पाहणार आहे, आणि पाहून झाल्यावर त्याने काय करावयाचे आहे? वसाहतीतील पालकांसाठी प्रवेशाचे माहितीचित्र करावयाचे आहे असे धरू. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि पूर्वीच्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला तरी मुलाला बाहेर ठेवता येत नाही, असे त्यात सांगितले आहे. दाखल्यावाचून शाळा घेणार नाही, अशा समजुतीने थांबलेल्या पालकाला एवढे कळले, तर तो दुसऱ्या दिवशी मुलाचा हात धरून येईल. म्हणून चित्राचा गाभा हाच असावा. शाळेचा इतिहास, इमारतीचे छायाचित्र व पदाधिकाऱ्यांची नावे यांना त्यात स्थान नसावे.

येथे एक सावधगिरी हवी. दाखला नसला तरी चालेल, हे दर्शविण्यासाठी कागदाचे चित्र काढून त्यावर फुली मारण्याचा मोह होतो. परंतु त्याचा अर्थ ‘कागद आणू नका’ असाही लागू शकतो. त्यापेक्षा रिकाम्या हातांनी मुलासह आलेली माता आणि दारात तिचे स्वागत करणारी शिक्षिका, असे चित्र अधिक निःसंदिग्ध होय. त्याखाली एकच वाक्य मराठीत व तेच हिंदीत आणि कानडीत असावे. शेवटी शाळेची वेळ आणि तेथे जाण्याची वाट दाखविणारा छोटा नकाशा द्यावा.

संगणकावरील रचना

चित्रसंपादनासाठी ‘गिम्प’ आणि रेषाचित्रांसाठी ‘इंकस्केप’ ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. पहिल्यात चित्र बिंदूंचे बनलेले असते. ते फार मोठे केले की धूसर होते. दुसऱ्यात रेषांचे गणित साठविलेले असते, म्हणून तेच चित्र पोस्टकार्डावर आणि भिंतीवर सारखेच रेखीव दिसते. छायाचित्र स्वच्छ करण्यास पहिले साधन घ्यावे, तक्ता व चिन्हे यांस दुसरे घ्यावे.

कागदाचा आकार प्रथम ठरवावा. ए-३ कागदावर इंचास ३०० बिंदू या हिशेबाने छापावयाचे असेल, तर ३५०८ गुणिले ४९६१ बिंदूंचे चित्र लागते. काम संपल्यावर चित्र ताणून मोठे करणे म्हणजे पातळ झालेल्या आमटीत पाणी वाढविणेच होय. पार्श्वभूमी, चित्रे आणि मजकूर हे निरनिराळ्या स्तरांवर ठेवावे, म्हणजे एक सुधारताना दुसरे बिघडत नाही. स्तरांसह मूळ प्रत जपून ठेवावी आणि छपाईसाठी वेगळी प्रत काढावी. पुढील वर्षी केवळ वेळ व तारीख बदलून तेच चित्र पुन्हा वापरता येते.

अक्षरांसाठी युनिकोड टंक वापरावा. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्त हे टंक विनामूल्य उपलब्ध आहेत. जुन्या पद्धतीच्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे विस्कटतात किंवा भलतीच अक्षरे उमटतात. एका चित्रात दोनांहून अधिक टंक नसावेत.

रंग तीन पुरेत. काही मुलांना तांबडा व हिरवा यांतील भेद दिसत नाही. शिवाय पुष्कळदा आपली चित्रे झेरॉक्सवर काळीपांढरी होऊनच वाटली जातात. यास्तव भेद रंगाबरोबर आकारानेही दाखवावा आणि पूर्ण झालेले चित्र एकदा रंगविरहित करून पाहावे. तेव्हाही अर्थ लागला, तरच रंगयोजना बरी समजावी. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे वर्ज्य.

आकड्यांशी प्रामाणिकपणा

माहितीचित्र जितके परिणामकारक, तितकी त्याची जबाबदारी मोठी. समजा, चाळीसांच्या पटापैकी मागील महिन्यात सरासरी ३६ मुले हजर होती व या महिन्यात ३८ आहेत. स्तंभ शून्यापासून काढले तर वाढ लहान पण खरी दिसते. तेच स्तंभ ३४ पासून सुरू केले, तर दुसरा पहिल्याच्या दुप्पट उंच होतो आणि शाळा व्यवस्थापन समितीला हजेरी दुप्पट झाल्याचा भास होतो. आकडे खरेच असतात, चित्र मात्र असत्य बोलते. उलट उसाच्या हंगामात हजेरी घटत असेल, तर ती सरासरीत बुडवून न टाकता महिनावार दाखवावी. कारण कोणत्या महिन्यात कोणत्या घरी जावयाचे, हे शिक्षकाला त्यावरूनच उमगते. आकडे कोणत्या तारखेचे व कोणत्या नोंदवहीतील, हे कोपऱ्यात लिहिलेच पाहिजे.

परीक्षा कोणी घ्यावी?

चित्र सिद्ध झाल्यावर ते सहशिक्षकाला दाखविणे पुरेसे नाही, कारण त्याला विषय आधीच ठाऊक असतो. ज्याच्यासाठी ते केले, त्या पालकासमोर क्षणभर धरावे, बाजूला घ्यावे आणि ‘काय कळले?’ एवढेच विचारावे. स्पष्टीकरण देऊ नये. उत्तर चुकले तर चूक चित्राची समजावी, पालकाची नव्हे. त्याचप्रमाणे शेवटच्या बाकावरून अक्षरे वाचता येतात की नाही, हे तेथे बसून पाहावे. वरच्या वर्गातील मुलांना या कामात अवश्य घ्यावे. फौंड्रीत नमुन्यावरून वाळूचा साचा कसा होतो, त्यात वितळलेले लोखंड कसे ओततात व थंड झालेले ओतीव कसे साफ करतात, याचे क्रमचित्र करताना मूल घरी जाऊन वडिलांना प्रश्न विचारते. वडिलांच्या श्रमाला शाळेच्या भिंतीवर स्थान मिळते. कारखान्याची किंवा मुलांची छायाचित्रे मात्र परवानगीवाचून वापरू नयेत.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. आज कायदा साऱ्या देशाचा आहे. परंतु जो कायदा पालकाला कळलाच नाही, त्याचा मुलाला लाभ नाही. खोल्यांच्या रांगेजवळ, किराणा दुकानाच्या दारी, पाण्याच्या टाकीपाशी लावलेले एक स्वच्छ माहितीचित्र हे अंतर तोडू शकते. नव्या शैक्षणिक वर्षापूर्वी प्रत्येक शाळेने असे एक तरी चित्र तयार करावे आणि त्यामुळे किती मुले दाखल झाली, याची नोंद ठेवावी. त्या नोंदीवरूनच चित्राची खरी योग्यता ठरेल.