रोहिणींत अडकलेलें साधन

डहाणू-तलासरीकडील श्रोत्यांना विहिरींत सुटलेला पोहरा काढण्याची रीत सांगावयास नको. दोराला गळ बांधून तो तळाशीं सावकाश फिरवितात आणि पोहरा गळाला लागला, कीं बेतानें वर घेतात. हृदयावर उपचार करणाऱ्या वैद्यालाहि एखादे वेळीं हीच युक्ति योजावी लागते.

हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी चरबीच्या थरानें अरुंद झाली, म्हणजे मनगटांतून किंवा जांघेंतून बारीक नळी आंत घालतात. तिच्यांतून मिलिमीटरच्या जेमतेम तृतीयांशाएवढी जाड तार, तारेवरून फुगा आणि फुग्यावर बसविलेली धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, पुढें सरकवितात. फुग्याचा हा उपचार आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनीं १९७७ सालीं झुरिक येथें प्रथम केला.

हीं साधनें बहुधा बिनबोभाट काम करतात. परंतु रोहिणी वांकडी व चुन्याच्या थरानें कठीण झालेली असली, तर क्वचित् जाळी फुग्यावरून निसटते किंवा तारेचें टोंक तुटतें. अशा वेळीं जोर करणें हीच मोठी चूक. ओढाताणीनें रोहिणी फाटूं शकते. निसटलेल्या जाळींतून तार गेलेली आहे तोंवर वाट शाबूत असते, म्हणून तार मागें ओढावयाची नाहीं. तिच्यावरूनच लहान फुगा जाळीच्या पलीकडे नेऊन फुगवितात व जाळी मागें घेतात; नाहीं तर तारेच्या फासांत ती पकडतात. तेंहि न साधलें, तर तिला तेथेंच फुलवून किंवा दुसऱ्या जाळीखालीं भिंतीशीं दाबून बसवितात. रोहिणीस भोंक पडलें, तर फुगा फुगवून रक्त थोपवितात किंवा आवरण असलेली जाळी घालतात. हृदयाभोंवतीं सांचलेलें रक्त सुईनें काढावें लागतें आणि प्रसंगीं शस्त्रवैद्यास पाचारण करावें लागतें.

डहाणू-तलासरीच्या रोग्यास अशा उपचारासाठीं अनेकदां वापी, वलसाड किंवा मुंबई गांठावी लागते. झटका आला असतां चौकशींत क्षणहि घालवूं नये. परंतु ठरवून करावयाच्या उपचारापूर्वीं, संमतिपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधीं, आप्तांनीं दोन गोष्टी विचाराव्यात: साधन अडकल्यास तें काढण्याचा सरंजाम तेथें आहे काय, आणि शस्त्रवैद्य किती वेळांत मिळेल? एखादा तुकडा आंत राहिला असल्यास त्याची नोंद कागदावर मागून घ्यावी. पुढील वैद्याला ती हवी असते. असें विचारणें म्हणजे वैद्यावर अविश्वास नव्हे. शहाणा गांवकरी गळ आधींच जवळ ठेवतो. पोहरा बुडाल्यावर तो शोधीत हिंडत नाहीं.