परडी कोणाची भरते?

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत निपाणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर पर्यटनासारखा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु ज्या भूमीत आपण राहतो ती वाचता येणे, हेही वाचनच होय. बेळगाव जिल्ह्याला निसर्गाने आणि इतिहासाने काही उणे ठेवलेले नाही. गोकाकचा धबधबा, हलशीची कदंबकालीन मंदिरे, राणी चन्नम्मांचे कित्तूर आणि सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर. ही संपदा पाहावयास येणाऱ्याच्या खिशातील रुपया इथल्या गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचतो का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

गोकाकला पावसाळ्यात घटप्रभा सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळते. ते दृश्य पाहण्यास येणारा पाहुणा बहुधा सकाळी येतो आणि सायंकाळी परततो. जेवण घरून आणलेले, पेट्रोल शहरात भरलेले. गावाच्या वाट्याला येतात ते भाजक्या कणसांचे चार पैसे आणि मागे उरलेला कचरा.

सौंदत्तीची गोष्ट वेगळी. लहानपणी मी आजीबरोबर मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला जात असे. आमचा मुक्काम दोन-तीन रात्रींचा. सरपण, दूध, वांगी, खण-नारळ, भंडारा, कवड्यांची माळ, सारे तिथेच विकत घ्यायचे. जोगणभावीच्या कुंडावर स्नान, मग चुलीवर नैवेद्य. तो दाखवून झाला की आजी आधी जोगतिणीची परडी भरी, नंतर आमची पाने मांडी. यात्रेकरू जितका अधिक थांबतो, तितका पैसा खाली झिरपतो, हे अर्थशास्त्र मी पुस्तकाआधी तिथे पाहिले.

तरीही त्या आठवणीने भारावून जाणे बरे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर एवढा जनसागर लोटला, तिथेच दारिद्र्याने आणि अंधश्रद्धेने मुली देवीला वाहिल्या. ती प्रथा रोखण्यासाठी कर्नाटकात १९८२ मध्ये कायदा करावा लागला. गर्दीने गरिबी हटत असती, तर जोगतिणीच्या हातची परडी केव्हाच सुटली असती.

२०२४ मध्ये केंद्र शासनाने यल्लम्मा डोंगराच्या पर्यटनविकासासाठी १०० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. भाविकांना निवारा, पाणी, स्वच्छता हवीच. या योजनेचे स्वागत केले पाहिजे. मात्र काही गोष्टी वेळीच विचारावयास हव्यात. बांधकामापूर्वी आज रस्त्याकडेला भंडारा विकणाऱ्या बाईची नोंद कोण करणार? गाळ्यांचा लिलाव झाला, तर अधिक बोली लावणाऱ्या सधन व्यापाऱ्यापुढे तिचा निभाव कसा लागणार? भक्तनिवासाला लागणारे दूध, भाजी, भाकरी परिसरातील शेतकऱ्यांकडून आणि महिला बचत गटांकडून घेण्याची अट करारात घालता येणार नाही का? पूर्वाश्रमीच्या देवदासींना आणि त्यांच्या मुलींना तिथे पगाराचे, सन्मानाचे काम मिळेल का?

निपाणीकरांना हा प्रश्न परका नाही. या गावच्या तंबाखूने अनेकांच्या वखारी भरल्या. पण पिकवणाऱ्याला आपल्या वाट्यासाठी १९८१ मध्ये महामार्गावर ठाण मांडावे लागले आणि त्या आंदोलनात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे बळी गेले. विडी वळणारी आमची माउली तर आजही हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मोजते. व्यापार वाढला म्हणजे राबणाऱ्याचा वाटा आपोआप वाढत नाही, हा धडा या गावाने फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. तो पर्यटनालाही लागू आहे.

म्हणून अशा योजनांचा हिशेब मांडताना किती लाख लोक आले, एवढेच विचारू नये. पाच वर्षांनी डोंगरावरच्या विक्रेत्या बाईचे उत्पन्न किती वाढले, तिची मुलगी शाळेत टिकली का, तेही विचारावे. ते विचारणारा सुजाण नागरिक घडवणे हे ग्रंथालयाचे काम, आणि आपल्या संस्थेने ते शंभर वर्षे केले आहे.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण परडी भरल्यावाचून यात्रा पुरी होत नाही, हे ती जाणून होती. विकासाची यात्राही त्याच मापाने मोजू या.