मालवणचे प्रवाळ आणि होडीवरील मार्गदर्शक



मालवण बंदरातून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या महाराष्ट्राला नवीन नाहीत. १६६४ साली कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी या जलदुर्गाचा पाया घातला. तो पाहून प्रवासी परततात. अलीकडे मात्र काही होड्या तटापासून थोड्या अंतरावर थांबतात. त्यांतील मंडळी तटाच्या पायथ्याशी पाण्याखाली जे आहे, ते पाहावयास आलेली असतात.

या जलविहारास स्नॉर्केलिंग म्हणतात. मराठीत त्यास रुळलेला प्रतिशब्द नाही; मालवणच्या किनाऱ्यावर त्याची उणीवही कोणास भासत नाही. साधने थोडी: डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरावयाची वाकडी श्वासनळी आणि अंगात तरंगते जाकीट. पाठीवर हवेची टाकी बांधावी लागत नाही. पाण्यावर पालथे तरंगावे, तोंडाने संथ श्वास घ्यावा आणि खाली पाहावे. पोहता न येणाऱ्याच्या सोबतीस मार्गदर्शक असतो. पहिली काही मिनिटे घाबरण्यातच जातात, कारण नाकाने श्वास घेण्याची जन्माची सवय मोडावयाची असते. ती मोडली की अंग सैल पडते आणि मग घाई कसली ती उरत नाही.

खाली दिसतात ते प्रवाळ. प्रवाळ म्हटले की लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे व कच्छचे आखात आठवते; त्या मानाने मालवणची वस्ती विरळ आहे. पावसाळ्यात खाड्यांतून येणारा गाळ व गोडे पाणी तिला पसरू देत नाही. तरीही ती टिकून आहे, हेच नवल. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असतो. त्यांच्या शरीरात राहणारे एकपेशीय शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते व आपल्या यजमानास पोसते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभराने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरा पडतो. घुमटाकार जातींची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर एवढीच. तेव्हा आज एखादा हातभर उंचीचा घुमट दिसला, तर १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, त्या सुमारास तो रुजला असावा.

पर्यटकाचा एक पाय त्यावर पडला, तर चाळीस वर्षांची ही कमाई क्षणात मोडते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मनोरंजनासाठी पाण्यात उतरणाऱ्यांमुळे मालवणच्या प्रवाळांस होणाऱ्या इजेची नोंद आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळास वाघाच्या पंक्तीला बसविले आहे. परंतु पाण्याखाली वनरक्षक उभा करता येत नाही. तेथे असतो तो मार्गदर्शकच. दमलेला प्रवासी उभे राहण्यास आधार शोधू लागला, की त्यास पाण्यावर उताणे तरंगावयास सांगणे, मासे जमावेत म्हणून पाव टाकू न देणे, नांगर खडकावर न टाकता वाळूत टाकावयास किंवा होडी बोयाला बांधावयास लावणे, ही कामे त्याचीच. गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीने तो गप्प राहिला, तर उद्या दाखवावयास काही उरणार नाही.

मार्गदर्शक पुष्कळदा मच्छिमाराचाच मुलगा असतो, हेही विसरता कामा नये. २९.१२ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य घोषित झाले, तेव्हा मासेमारीवर गदा येईल म्हणून स्थानिक मच्छिमारांनी विरोध केला. ती भीती अनाठायी म्हणून झटकून टाकण्याजोगी नव्हती. रापण ओढून पोट भरणाऱ्यास नकाशावरील रेषेचा धाक वाटणारच. आज त्याच पाण्यात प्रवाळ दाखवून काही घरे चालतात. गोबरा, तांबोशी यांसारख्या माशांची पिल्लेही याच खडकांच्या आडोशाने वाढतात. म्हणजे जाळे टाकणारा आणि मुखवटा देणारा, दोघांचाही संसार एकाच खडकाशी बांधलेला आहे.

प्रवाळाइतकीच काळजी प्रवाशाच्या जिवाची. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघे मृत्युमुखी पडले. होडीत किती माणसे बसवावीत, जाकिटे सर्वांना पुरतात काय, वारा वाढला असता सहल रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आपले म्हणून विचारले पाहिजेत. पैसे परत द्यावे लागले तरी होडी न सोडणारा तांडेल गावाने पाठीशी घालावयास हवा.

पाणी निवळते ते हिवाळ्यात, आणि पावसाळ्यात हा विहार बंदच असतो. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, जाळी दुरुस्तीस काढलेली असतात आणि मार्गदर्शक घरी असतात. प्रशिक्षणाचे वर्ग भरविण्यास आणि शाळेतील मुलांपुढे त्यांना बोलते करण्यास तेच दिवस सोयीचे.