बिनविरोध म्हणजे एकमत नव्हे
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



लोकानुरंजनवाद हा शब्द जड आहे, पण गोष्ट ओळखीची आहे. सवलती वाटणे हा त्याचा वरवरचा अर्थ. त्याचे मूळ 'खरी जनता म्हणजे आम्हीच' या दाव्यात आहे. हा दावा मान्य केला की विरोधक जनतेचा शत्रू ठरतो, सभागृहातली चर्चा वेळखाऊ वाटते आणि लोकप्रतिनिधी नेत्याचा निरोप्या होतो.

१९८९ मध्ये आपल्या इंदूरने माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांच्यासमोर सुमित्राताई महाजनांना निवडले. पुढे ताई सलग आठ वेळा लोकसभेवर गेल्या. समोर तुल्यबळ माणूस होता, म्हणून त्या पहिल्या विजयाला वजन आले.

२०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला, अखेरच्या दिवशी अर्ज मागे घेतला. शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांच्या फरकाने जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर कुणी माणूस नव्हता, तिथे 'नोटा' होता: २,१८,६७४ मते! विजेत्यामागे मोठा जनाधार होता, यात शंका नाही. काँग्रेसने नोटाचे आवाहन केले होते, म्हणून ही सगळी मते वैतागलेल्यांची होती असेही म्हणता येणार नाही. तरीही प्रश्न उरतोच. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मिळालेला हा पर्याय मोजला जातो, पण निकाल बदलत नाही. नोटा 'नको' म्हणतो; काय हवे, हे संसदेत उभे राहून सांगू शकत नाही.

निवडीला पर्यायच नसला की प्रतिनिधींवरचा विश्वास आटतो, आणि मग माणसे एखाद्या तारणहाराकडे पाहू लागतात. शेजारच्या महूत जन्मलेल्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच धोका सांगितला होता. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

बाप्पांसमोर आपण मनोभावे हात जोडतो, ते योग्यच आहे. पण कार्यकारिणीसमोरही हात जोडूनच बसतो! 'निवड बिनविरोध झाली' हे आपण अभिमानाने सांगतो. बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच, की दुसरे नाव सुचवायला सगळ्यांना संकोच वाटला. लोकशाहीची सवय संसदेत लागत नाही, ती अशा सभांतच लागते.

तेव्हा पुढच्या वार्षिक सभेत प्रत्येक पदासाठी निदान दोन नावे येऊ द्या. हरणाऱ्यालाही समितीत मानाने बसवू या.

गणपती बाप्पा मोरया!