कपाटातला कॅमेरा



गेल्या महिन्यात मंडळाच्या कपाटाची आवराआवर करताना तळच्या खणात, जुन्या ओढणीत गुंडाळलेला आपला डिजिटल कॅमेरा सापडला. 2007 साली वर्गणी काढून, अमेरिकेहून येणाऱ्या एका वहिनींच्या भावाकडून तो आपण मागविला होता. त्याच्याबरोबर पिवळ्या-पांढऱ्या टोकांची एक वायर आणि एक सीडीही निघाली. 'हे सारे भंगारात टाकावे काय?' असे मला विचारण्यात आले, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच आज मला येथे उभे केले आहे.

वीज, टीव्हीवर चित्र दाखविणे आणि सोबतचे सॉफ्टवेअर या तीन गोष्टींनी आपल्याला या कॅमेऱ्यापायी पुष्कळ छळले. पैकी पहिल्या दोन तर त्याच्या वंशातच आहेत. 1975 साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनियरने असा पहिला कॅमेरा जुळविला, तो साडेतीन किलोंहून जड होता. त्याला 16 निकेल-कॅडमियम सेल लागत, एक चित्र कॅसेटवर उतरावयास 23 सेकंद लागत आणि ते पाहावयाचे टीव्हीवरच. पहिल्या चित्रात प्रयोगशाळेतील एका तरुणीचे केस तेवढे दिसले, चेहरा काही ओळखू येईना. (आपल्या सहलीचे काही फोटो पाहता आपण त्यांना हसू नये हे बरे!)

आपल्या कॅमेऱ्याला दोन पेन्सिल सेल लागतात. प्रारंभी आपण दुकानातून भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल आणून घातले. चार फोटो निघाले, आणि भिंग बाहेर काढलेल्या स्थितीतच कॅमेरा मुकाट झाला. दुकानदाराने फसविले असे सर्वांचे मत पडले. परंतु तेच सेल माझ्या घरच्या घड्याळात पुढे कित्येक महिने चालले! घड्याळाला वीज थेंबाथेंबाने लागते. कॅमेऱ्याला भिंग सरकवावयाचे, पडदा उजळावयाचा, फ्लॅश भरावयाचा, म्हणून एकदम घागरभर हवी असते. साध्या सेलला तेवढी देता येत नाही व त्याचा दाब कोसळतो. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल-हायड्राइडचे सेल कागदोपत्री दीड ऐवजी 1.2 व्होल्टचेच, पण ओझ्याखाली टिकून राहतात. मग तसले सेल आणले. ते रात्रभर भरावे लागत, आणि ती वर्षे तर भारनियमनाची! चार्जर लावून बसावे तो दिवे जावेत. शिवाय त्या काळचे हे सेल नुसते ठेवूनही उतरत. तुकोबारायांची पालखी यवतच्या मुक्कामाला निघालेली, आम्ही साऱ्याजणी हमरस्त्यावर उभ्या, आणि आठवड्यापूर्वी भरलेल्या सेलांनी ऐनवेळी मान टाकली. त्या वर्षीच्या पालखीचा आपल्याकडे एकही फोटो नाही.

शेवटी कोणी तरी अल्कलाइन सेल घातले व ते आतच विसरले. ते पाझरून पांढरी पूड धरली होती. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पुसले, वाळू दिले, नवे सेल घातले, आणि कॅमेरा चालू झाला. ज्यांच्या घरी चपट्या लिथियम बॅटरीचा कॅमेरा असेल, त्यांनी मात्र बॅटरी फुगलेली दिसल्यास तिला चार्जरला मुळीच लावू नये.

आता ती वायर. 2008 च्या संक्रांतीचे हळदीकुंकू आपण माझ्या घरी टीव्हीवर पाहिले, ते अनेकींना आठवत असेल. चित्र आले, पण बिनरंगाचे. माझ्या जाऊबाईंची पैठणी राखाडी दिसली व त्या चार दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. कारण एवढेच, की अमेरिकेची एनटीएससी पद्धत 525 रेषांची, आपली पाल पद्धत 625 रेषांची, आणि रंग सांगण्याची दोघींची रीत निराळी. कॅमेऱ्याच्या यादीत 'पाल' निवडताच पैठणी जांभळी झाली. येथवर हसण्यासारखे आहे. पुढचे मात्र मला अजून बोचते. त्या वायरीतून टीव्हीवर फार तर चार लाख ठिपक्यांचे चित्र पोचते. आपले फोटो पन्नास लाख ठिपक्यांचे होते. टीव्हीवर धूसर दिसतात म्हणून चांगले फोटो आपण त्याच संध्याकाळी एकेक करून पुसून टाकले. पुसण्याचे बटण माझ्याच हातात होते.

सीडीतले सॉफ्टवेअर मी घरच्या संगणकावर चढविले होते. त्यात फोटोंचे आल्बम होत व प्रत्येक फोटोखाली नावे लिहिता येत. रात्री जेवणे उरकल्यावर बसून मी कोणाच्या शेजारी कोण, कोणाची सून, कोणाची माहेरवाशीण आलेली, हे सारे लिहीत असे. ती नावे फोटोत नव्हे, सॉफ्टवेअरने आपल्या वेगळ्या वहीत ठेविली होती, हे मला 2014 साली संगणक बंद पडल्यावर कळले. फोटो दुसरीकडे उतरविलेले होते, ते वाचले, नावे गेली. नव्या संगणकाने ती सीडी स्वीकारलीच नाही. अशा बाबतीत मोठ्यांचेही हेच होते. पहिला डिजिटल कॅमेरा ज्या कंपनीत जन्मला, तिने 2012 साली कॅमेरे करणेच सोडले, आणि तिचा इंटरनेटवरील आल्बमही त्याच वर्षी मिटला.

म्हणून माझे उत्तर असे, की सीडी खुशाल टाका. फोटो पाहावयास तिची गरज कधीच नव्हती. ते 1992 साली ठरलेल्या जेपेग पद्धतीचे आहेत. आतले बोटभर कार्ड काढून कार्ड-रीडरला लावावे, 'डीसीआयएम' नावाचे दप्तर उघडावे. हल्लीचा कोणताही फोन ते दाखवितो. आपल्या कार्डावर 312 फोटो निघाले. त्यांच्या दोन प्रती माझ्या नातवाने निरनिराळ्या ठिकाणी करून ठेविल्या आहेत, आणि चाळीस फोटो मी यवतला छापून आणले आहेत.

नावे मात्र पुन्हा लिहावयाची आहेत, ती या वेळी कागदावर. हळदीकुंकवाच्या त्या मोठ्या फोटोत 23 जणी आहेत. पैकी पाच आज आपल्यात नाहीत. एकोणीस नावे मला जुळली. मागच्या रांगेत खांबाला टेकून हिरव्या लुगड्यात उभ्या असलेल्या आजी, त्यांच्या पुढ्यात वाण घेतलेल्या दोघी, आणि कडेवर मूल असलेली ती हसरी मुलगी, या चौघी राहिल्या आहेत. फोटो दाराजवळच्या टेबलावर ठेविला आहे, शेजारी वही आणि पेन आहे. चहाला जाण्यापूर्वी तेवढे पाहून जा.